मुलाचं नाव एलियाहू ठेवताना

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरांत मुलाला बहुतेक वेळा दोन नावं असतात. एक हिब्रू. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला तेब्यावर, वाचनाच्या चौथऱ्यावर, बोलावताना ते घेतात, लग्नाच्या केतुब्यात, म्हणजे करारपत्रात लिहितात आणि शेवटी थडग्यावर कोरतात. दुसरं शाळेचं, रेशनकार्डाचं, मित्रांनी हाक मारायचं. माझंही तसंच आहे आणि माझ्या वडलांचंही तसंच होतं. मुलाच्या बाबतीत मला ते नको होतं. जे नाव तेब्यावर, तेच शाळेच्या हजेरीत असावं, आणि ते एलियाहू असावं, हे बायकोला दिवस गेले तेव्हापासून माझ्या मनात होतं. मनातलं नाव जन्मदाखल्यावर उतरेपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहितो आहे, कारण आमच्यातली काही तरुण जोडपी हल्ली हेच विचारत असतात.

बायकोचा नावाला विरोध नव्हता, रोजच्या वापराला होता. मिला म्हणजे बाळाची सुंता, अब्राहमच्या देवाशी झालेल्या कराराची खूण; नाव त्याच दिवशी ठेवतात. "मिलाच्या दिवशी ठेव ना एलियाहू, कोण नको म्हणतंय? शाळेत काय लावायचं ते सांग." तिची यादी तयार होती: आरिएल, नोआम, ईथन, आदाम. सगळी हिब्रूच. आरिएल म्हणजे देवाचा सिंह, नोआम म्हणजे गोडवा, ईथन म्हणजे मूळचं एइतान, भक्कम, न डळमळणारा. उच्चाराला सोपी, वर्गात कोणी दोनदा विचारणार नाही अशी. तिचं म्हणणं मला पटत होतं, तरीही मन एलियाहूवरून हटत नव्हतं.

सासूबाईंची अडचण निराळी होती. त्या पनवेलच्या, जुन्या वळणाच्या. त्या म्हणाल्या, "ज्याच्या नावाने आपण मलिदा करतो, त्या नावाने पोराला ओरडायचं कसं? उद्या त्याने दूध सांडलं तर?"

मी म्हटलं, "आई, अब्राहम, मोझेस, दाविद ही नावं आपण रोज घेतोच की."

"घेतो. पण मोझेसच्या नावाने आपण नवस बोलत नाही."

हे खरंच आहे. जगभरचे ज्यू एलियाहूला मानतात, पण कोकणातल्या आमच्या माणसांचं त्याच्याशी जे नातं आहे ते आणखी कुठे पाहायला मिळत नाही. परीक्षा, नोकरी, आजारपण, नवं घर, लग्न, काहीही असो, नवस बोलायचा तो एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याला, आणि फेडायचा तो मलिद्याने. भिजवलेले पोहे, त्यात साखर किंवा गूळ, भरपूर ओलं खोबरं, वेलची, बदाम-काजूचे काप. मोठ्या थाळीत त्याची रास करायची आणि भोवती फळं मांडायची. वास घ्यायला गुलाब किंवा सब्जाची पानं. मग घरातले आणि शेजारपाजारचे पुरुष बसून हिब्रू वचनं म्हणतात, 'एलियाहू हन्नाबी'चा गजर होतो, आणि एकेका जिनसेवर तिची तिची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणून ती खायची: झाडाच्या फळावर वेगळी, जमिनीतून आलेल्यावर वेगळी, सुवासावर वेगळी. इस्राएलमध्ये आता 'हानावी' म्हणतात. आमच्याकडे जुना उच्चार टिकला आहे, 'हन्नाबी'. माझ्या कानात ते नाव बोलायला येण्याआधीपासूनचं आहे.

पण कानात असणं वेगळं आणि कळणं वेगळं. नाव ठेवायचं तर ते नीट समजून घ्यावं म्हणून मी ठाण्याच्या आमच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमधल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे जाऊन बसलो. हे सिनेगॉग १८७९ सालचं. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर ते गृहस्थ मुलांना हिब्रू शिकवतात. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पाच अक्षरं लिहिली, उजवीकडून डावीकडे: आलेफ, लामेद, योद, हे, वाव. मग पेन्सिलीने मध्ये एक रेघ मारली. पहिला तुकडा एली, म्हणजे माझा देव. दुसरा याहू. देवाचं जे चार अक्षरी नाव आम्ही उच्चारत नाही, त्याचं हे आखूड रूप. माझा देव याहू आहे. नाव म्हणजे एक पूर्ण वाक्यच आहे.

योदवर पेन्सिल ठेवून ते म्हणाले की हे दोन्ही तुकडे ओळखायला शिकलास की अर्धी हिब्रू नावं आपोआप उलगडतील. शमुएल, दानिएल, यहेज्केल, रफाएल यांच्या शेवटी एल आहे. यशायाहू, यिर्मयाहू, नेतान्याहू यांच्या शेवटी याहू आहे. एलियाहूत एकाच नावात दोन्ही आहेत, एक पुढे आणि एक मागे. याचं छोटं रूप एलिया, शेवटचा वाव गाळलेलं. तेही बायबलमध्येच सापडतं, मलाखीच्या पुस्तकाच्या अखेरीस. मराठी बायबल वाचणारे 'एलीया' म्हणतात ते याच रूपाला जवळचं.

मग त्यांनी ते नाव ज्या काळात उभं आहे तो काळ सांगितला, आणि मला वाटतं माझा निर्णय तिथेच पक्का झाला. इसवी सनापूर्वीचं नववं शतक. उत्तरेकडच्या इस्राएलच्या गादीवर अहाब राजा, त्याची राणी इजेबेल सीदोनची. तिने बआल या परक्या देवाची भक्ती दरबारात आणली, याहूच्या संदेष्ट्यांना वेचून मारलं. अशा वेळी गिलादकडून एक माणूस येतो आणि राजापुढे उभा राहून सांगतो की माझ्या शब्दाशिवाय आता पाऊस पडणार नाही. त्याचं नावच 'माझा देव याहू'. त्या दरबारात नुसतं नाव सांगणं हेसुद्धा एक बाजू घेणं होतं. पुढे कार्मेल डोंगरावर बआलाचे साडेचारशे संदेष्टे एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. वेदीवर आकाशातून अग्नी पडतो आणि सगळा जमाव जमिनीला डोकं टेकून ओरडतो, "परमेश्वर हाच देव! परमेश्वर हाच देव!" गृहस्थांनी पुन्हा त्या पत्रिकेवर बोट ठेवलं. "बघ, लोक काय ओरडले? याचं नावच ओरडले."

मी ती पत्रिका घरी आणून बायकोला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण हे सगळं बालवाडीतल्या बाईंना कोण समजावणार?"

तिला राजी केलं ते माझ्या आजीच्या गोष्टीने. आजी आज नाही, पण ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येकाने तिच्या तोंडून ऐकली आहे. एलियाहूची गोष्ट सांगताना आजी कार्मेलवरचा अग्नी दोन वाक्यांत उरकायची आणि तेलावर रेंगाळायची. दुष्काळ पडलेला. ओढ्याकाठी कावळ्यांनी आणून दिलेल्या भाकरीवर एलियाहू जगला, मग ओढाही आटला. देवाने त्याला सारफथला पाठवलं. गावाच्या वेशीपाशी एक विधवा काटक्या गोळा करत होती. तो म्हणाला, पाणी दे, आणि जमलं तर भाकरीचा तुकडा दे. ती म्हणाली, मडक्यात मूठभर पीठ आहे आणि कुपीत थोडंसं तेल. ते माझ्यासाठी आणि पोरासाठी भाजणार, खाणार आणि मग मरणार. तो म्हणाला, आधी माझ्यासाठी एक लहानशी कर. तिने केली. आणि पाऊस येईपर्यंत त्या मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही.

इथे आजी थांबायची. "तेल आटलं नाही," परत म्हणायची. आमच्या घराण्याचा घाणा होता. परंपरा सांगते की आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. कोकणच्या गावांत त्यांनी तेल काढायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. ज्या घरात सगळा संसार तेलावर चालला, तिथे या नबीची आठवण कुपीतल्या तेलावरून निघाली यात नवल नाही. आजी पुढे त्या विधवेच्या मुलाचंही सांगायची. मूल आजारी पडलं, श्वास थांबला. एलियाहूने त्याला वरच्या खोलीत नेलं, आपल्या बिछान्यावर निजवलं आणि देवाची विनवणी केली, आणि जिवंत करून आईच्या हातात दिलं. बायकोचं आधी एक बाळ गेलं होतं, पोटातच. ती गोष्ट ऐकून ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "मुलगा झाला तर एलियाहू. शाळेतही."

त्यानंतर मला जिकडे तिकडे हे नाव दिसायला लागलं. वरळी-महालक्ष्मीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून मी नोकरीच्या निमित्ताने कितीतरी वेळा गेलो असेन. त्यातला 'ई' एलायजाचा आहे. डॉ. एलायजा मोझेस आमच्यातलेच, १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, ज्याचे फोटो सगळे काढतात, त्याचं नाव केनेसेथ एलियाहू. जेकब ससूनने १८८४ साली ते आपल्या वडलांच्या स्मरणार्थ बांधलं. वडील म्हणजे एलियास डेव्हिड ससून, ई. डी. ससून कंपनीतले 'ई. डी.'. ससून बगदादकडचे आणि आम्ही कोकणातले, पण नाव एकच.

जुन्या कोकणात मात्र हे नाव एलायजाही नव्हतं आणि एलियासही नव्हतं. आमच्या घरी जमिनीचा एक जुना कागद आहे, घड्यांवर फाटलेला. त्यात माझ्या एका पूर्वजाचं नाव 'एलोजी बिन हसाजी, शनवार तेली' असं आहे. एलोजी म्हणजे एलियाहू, हसाजी म्हणजे यहेज्केल. तसाच शमुएलचा समाजी, मोशेचा मुसाजी. समाजी हसाजी दिवेकर हे नाव तर आमच्या इतिहासात मोठं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या या सरदाराने १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. ही 'जी' लावलेली नावं नाखवा, कुणबी, आगरी शेजाऱ्यांच्या जिभेवर सहज बसत. एकोणिसाव्या शतकात शिक्षण आलं. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जॉन विल्सन यांनी १८३२ साली आमच्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, आणि हिब्रू मूळ रूपांशी ओळख नव्याने झाली. पण शाळेच्या दाखल्यावर नाव चढलं ते इंग्रजी बायबलच्या वळणाचं. एलोजीच्या नातवाचा एलायजा झाला. या दोन्ही रूपांबद्दल मला ममता आहे. माझ्या माणसांनी ती वापरली आहेत. मला फक्त मुलासाठी मूळ रूप हवं होतं.

माझी धाकटी बहीण इस्राएलमध्ये अश्दोदला असते. लोकप्रियतेबद्दल तिला विचारलं तर तिने स्वच्छ सांगितलं, "दादा, इकडे हे नाव आजोबा लोकांचं आहे. माझ्या कामावर साठीच्या पुढचा प्रत्येक दुसरा माणूस एली." तिथे हल्ली ज्यू मुलांच्या नावांत दाविद, आरिएल, लावी, एइतान यांची चलती आहे. एलियाहू धर्म पाळणाऱ्या घरांत टिकून आहे, बाकी ठिकाणी एलिया किंवा नुसतं एली. या एलीचाही घोटाळा आहे, तो तिनेच सांगितला. एली म्हणून हाक मारतात तो एलियाहू असेल किंवा एलीएजेर असेल. नोबेल मिळालेले एली वीझेल हे एलीएजेर. दमास्कसला १९६५ साली फाशी गेलेला हेर एली कोहेन हा एलियाहू. आणि बायबलमध्ये शिलोचा जो एली याजक आहे, ज्याच्याकडे बाळ शमुएल वाढला, त्याचं नाव तिसरंच. ते आलेफने नाही, आयिनने सुरू होतं.

इस्राएलबाहेरची गंमत मात्र मला फार आवडली. अमेरिकेत दरवर्षी बाळांच्या नावांची सरकारी यादी निघते. त्यात २०२० आणि २०२१ या दोन्ही साली एलायजा चौथ्या क्रमांकावर होतं, लियम, नोआ आणि ऑलिव्हर यांच्या मागोमाग. आणि ठेवणारे बहुतेक ख्रिस्ती. ग्रीकमध्ये गेल्यावर हे नाव एलियास झालं, कारण ग्रीक पुरुषी नावाला शेवटी 'स' लागतो. इंग्लंडात मध्ययुगात एलियासवरून एलिस, एलियट अशी रूपं निघाली, ती पुढे आडनावं झाली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तर जुन्या करारात एलायजा आणि नव्या करारात एलियास असा एकच माणूस दोन नावांनी येतो, कारण एक भाग हिब्रूवरून केलेला आणि दुसरा ग्रीकवरून. रशियात तो इल्या, अरबीत इल्यास, आणि कुराणातही त्याचा उल्लेख आहे. आमच्या सोसायटीखालचा फळवाला मूळचा महाडकडचा. त्याच्या थोरल्या भावाचं नाव इलियास. नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमचाच." मी म्हटलं, हो, तुमचाच.

बाळंतपणाआधी आम्ही खंडाळ्याला जाऊन आलो. घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळा. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबीचा टापा आहे. आमच्यात सांगतात की तो कोकणात दोनदा आला. पहिल्यांदा नवगावच्या किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्या पूर्वजांना जागं करायला आणि दुसऱ्यांदा खंडाळ्याला. तिथून तो अग्नीच्या रथातून वर गेला, आणि त्याच्या घोड्याची टाप, रथाचं चाक खडकावर उमटलं. बायबलातला रथ यार्देन नदीपलीकडून वर जातो हे मला ठाऊक आहे. पण त्या खडकापाशी माझ्या आजीने, पणजीने डोकं टेकलेलं आहे, आणि तेवढं मला पुरतं. आम्ही मेणबत्त्या लावल्या. दगड उन्हाने तापलेला होता. बायकोने त्या खुणेवर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. परत येताना अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमध्ये थोडा वेळ बसलो आणि नवस बोललो.

मुलगा झाला. हॉस्पिटलात नावाचा फॉर्म आला तेव्हा मी रकाना कोरा ठेवला. मिलापर्यंत नाव बाहेर सांगायचं नाही ही आमची रीत. नर्सने समजावलं, "अहो, आत्ता लिहा, नंतर खेटे पडतील." पण कायदा यात अडवत नाही हे मी आधीच बघून ठेवलं होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती नावाशिवायही होते. नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

मिला आठव्या दिवशी, जन्माचा दिवस धरून. मी तेव्हा इतका घाबरलेला होतो की सकाळचं बरंचसं धूसर आठवतं, पण एक गोष्ट स्वच्छ आठवते. सिनेगॉगमध्ये एक लाकडी खुर्ची असते. इतर दिवशी ती बाजूला असते, त्या दिवशी तिच्यावर रेशमी वस्त्र घालून ती पुढे आणली होती. ती एलियाहूची खुर्ची. जुनी समजूत अशी की एलियाहूने देवाकडे एकदा तक्रार केली होती, की इस्राएलच्या लोकांनी तुझा करार सोडला. तेव्हा देवाने ठरवलं की यापुढे प्रत्येक मिलाला तू हजर राहायचंस आणि करार पाळला जातोय हे डोळ्यांनी बघायचंस. म्हणून जगात कुठेही मिला असो, ही एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते.

बाळाला आत आणलं तशी सगळी मंडळी उभी राहिली, "बारुख हाबा!" येणारा धन्य असो. मोहेलने, म्हणजे सुंता करणाऱ्याने, बाळ घेतलं आणि क्षणभर त्या खुर्चीवर ठेवलं. "ही खुर्ची एलियाहू हन्नाबीची," असं हिब्रूत म्हणाला. त्या वेळी तिथल्या गर्दीत फक्त मला, बायकोला आणि मोहेलला नक्की ठाऊक होतं की खुर्चीवर ठेवलेल्याचं नावही तेच असणार आहे. माझ्या अंगावर काटा आला. वर बायकांच्या सज्जात बायको उभी होती. मी मान वर करून पाहिलं, तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

मग बाळ माझ्या वडलांच्या मांडीवर. ते संदक, म्हणजे मिलाच्या वेळी बाळाला मांडीवर धरणारे. त्यांचे हात थरथरत होते, पण बाळाचे गुडघे त्यांनी घट्ट धरले होते. मी माझी बेराखा म्हटली, अब्राहमच्या करारात याला आणण्याची. मंडळींनी उत्तर दिलं: जसा हा करारात आला तसा तोरा, विवाह आणि सत्कर्मं यांतही येवो. बाळ रडलं, मोहेलने बायबलातल्या यहेज्केलच्या पुस्तकातलं वचन म्हटलं, तुझ्या रक्तात जग. काळ्या मनुकांच्या सरबताचा थेंब त्याच्या ओठाला लावला. आणि मग तो वाचत गेला, "इस्राएलात याचं नाव घेतलं जावो," आणि माझ्याकडे झुकला. मी त्याच्या कानात पुन्हा सांगितलं. त्याने मोठ्याने म्हटलं, "एलियाहू बेन," आणि पुढे माझं हिब्रू नाव. वडलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांनाही आम्ही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या आजोबांचं नाव एलायजा होतं. ते नुसते "एलोजी" म्हणाले आणि बाळाच्या कपाळाला ओठ लावले.

घरी मलिदा झाला, नवस फेडला. सासूबाईंनी पोहे स्वतः भिजवले आणि नारळ खोवायला कोणाला हात लावू दिला नाही.

दाखल्याचं काम त्यामानाने रुक्ष, पण जोडपी विचारतात ते नेमकं हेच, म्हणून सांगतो. नाव घालायचा अर्ज दिल्यावर पहिला दाखला आला त्यात 'इलियास' लिहिलेलं होतं. खिडकीवरच्या गृहस्थांना अर्ज दाखवला. ते म्हणाले, "एकच ना दोन्ही?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण घर ज्यू आणि नाव इलियास, असा दाखला घेऊन पोराला आयुष्यभर खुलासे द्यावे लागले असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात कलम १५ खाली नोंद दुरुस्त करता येते. त्यासाठी हॉस्पिटलचं पत्र, आमच्या दोघांचं प्रतिज्ञापत्र आणि सिनेगॉगकडून मिळालेला मिलाचा दाखला जोडला. दुसऱ्यांदा 'एलियाहु' आलं, हु ऱ्हस्व. मी तेही परत दिलं. बायको म्हणाली, "राहू दे ना आता." मी नाही राहू दिलं. शेवटी दीर्घ हू असलेला कागद हातात आला.

महाराष्ट्रात ज्यूंना २०१६ साली अल्पसंख्याकाचा दर्जा मिळाला, त्यामुळे आता कार्यालयात 'ज्यू म्हणजे काय, पारशी का?' हा प्रश्न पूर्वीपेक्षा कमी येतो असा माझा अनुभव आहे. आपण देशात चार-पाच हजार माणसं. पाठ करून ठेवलेलं उत्तर द्यायची सवय आपल्याला आहेच. पण नावाच्या बाबतीत उत्तर पाठ असून भागत नाही, ते लिहिलेलं असावं लागतं.

रोमन अक्षरांचाही प्रश्न होता. योद हिब्रूत 'य', ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेला तिथे 'आय', आणि पुढे त्याच 'आय'चं शेपूट लांबून 'जे' झालं, ज्याचा उच्चार इंग्रजांनी 'ज' केला. म्हणून एलायजा. बहिणीने कळवलं की तिकडे पासपोर्टवर हल्ली वाय घालतात. आम्हीही वाय घातला आणि शेवटी यू. केनेसेथ एलियाहूच्या पाटीवर दोन ओ आहेत, तेही मला आवडलं होतं, पण पुढे अश्दोदला आत्याकडे जायचं तर दोन्हीकडे एकच स्पेलिंग बरं.

ज्यांना हेच करायचं आहे त्यांनी एका कागदावर नाव तिन्ही लिप्यांत लिहून ठेवावं, हिब्रू, देवनागरी, रोमन, ऱ्हस्वदीर्घासकट, आणि त्याच्या प्रती काढाव्यात. एक मोहेलला, एक हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात, एक दाखल्याच्या खिडकीवर, एक आधारच्या केंद्रावर. हिब्रू हझानकडून, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याकडून, तपासून घ्यावं. शेवटचा वाव लिहायचा की नाही हे आधी ठरवावं, कारण एलियाहू आणि एलिया ही केतुब्यात दोन वेगळी नावं धरतात. दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी अक्षर अन् अक्षर वाचावं. बालवाडीच्या प्रवेशाला आम्ही तोच कागद नेला होता. बाईंनी तो वाचला, एकदा माझ्याकडून म्हणवून घेतला, आणि हजेरीत पूर्ण नाव लिहिलं.